पिवळीची गाठ

मालकानं सुरीची पहिली मूठ उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. ती म्हशीच्या शिंगाची होती. दुसरी बाभळीच्या गाभ्याची. ती त्यानं उचललीच नाही, बुटाच्या टोकानं बाजूला सारली. तिसरी हाडाची, घासून घासून दुधासारखी पांढरी झालेली. ती त्यानं लोहाराच्या बायकोच्या, मुठवालीच्या, तोंडाकडे बघत खाली टाकली. मोडते का ते बघायला.

मोडली नाही.

"हे सगळं सगळ्यांकडे असतं," मालक म्हणाला.

लोहार ऐरणीमागे सांडशी धरून उभा होता. सांडशीत काही नव्हतं. मालक आला की तो अशीच रिकामी सांडशी धरून उभा राहायचा. हात मोकळे दिसले तर काम नाही असं वाटेल, आणि काम नाही तर शेड कशाला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेड खाणीच्या जागेत होती. खाणीच्या पहारी आणि छिन्न्यांना धार लावायची, म्हणून ही जागा. शेजारी पूर्वी सुताराची टपरी होती. सुतार एकदा मालकाच्या तोंडावर "नाही जमणार" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथं मशीन फिरलं आणि सपाट जमीन झाली. सुतार कुठं गेला, ते कुणी विचारलं नाही. विचारून आपल्या दारात मशीन कोण बोलावणार.

"सुरी मोठी पाहिजे. पाहुण्यांसमोर मांस कापायचं आहे," मालक म्हणाला. "पातं तुझा नवरा करील, त्यात मला काही बोलायचं नाही. पण मूठ अशी पाहिजे की बघणाऱ्यानं विचारलं पाहिजे, हे काय आहे?"

"मग तुम्ही काय सांगाल?" मुठवालीनं विचारलं. तिची जीभ अशीच होती, डोक्याच्या आधी धावायची.

लोहाराच्या हातातली सांडशी करकरली.

मालक हसला. "ते तू शोधायचं. आठ दिवस."

ड्रायव्हरनं जीपमधून ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा मुटका आणून बाकावर ठेवला. या घरची ती रीत होती. सुरी ज्याच्या हातात राहायची, त्यानं ओली माती मुठीत आवळून द्यायची. त्या खुणांवरून मूठ कोरायची. लोहाराच्या बापापासून असंच चाललं होतं, आणि मालकाला ते ठाऊक होतं.

जीप गेल्यावर मुठवालीनं फडकं उलगडलं. मुटका लहान होता. मालकाच्या पंज्याचा असता तर दुप्पट झाला असता. चार बोटांपैकी तीन सरळ उमटली होती, करंगळी मात्र वर चढून बाजूला पळाली होती. लहानपणी दारात सापडून मोडलेली करंगळी.

लोहारानं वाकून बघितलं. "ताईचा हात आहे."

मोठी नणंद. नवरा गेल्यापासून दहा वर्षं मालकाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला.

"मिरवणार तो आणि धरणार ताई," लोहार म्हणाला.

"मग चांगलीच करायला पाहिजे," मुठवाली म्हणाली. पण आठ दिवसांत जगात नसलेली वस्तू कुठून आणायची?

नदीतल्या शिंपल्या आणल्या, त्या करवतीखाली पापडासारख्या फुटल्या. नारळाची करवंटी तासली. छान दिसली, पण हातात बसेना. जुन्या कुंपणाचा खांब चिरला, आतून वाळवी निघाली. जवळच्या नाल्यातून काळा दगड आणून दोन दिवस घासला आणि हाताची सालं काढून घेतली. तिकडे लोहारानं पातं घडवून, तापवून, पाणी देऊन तयार ठेवलं. पातं असं झालं होतं की नखानं टिचकी मारली तर गायचं. त्याच्याकडे बघून तिला जास्तच भीती वाटायची. नवऱ्याचं काम झालं होतं. आता शेड राहणार की जाणार, ते तिच्या हातात होतं.

पाचव्या दिवशी बोळक्या आला. हा लाकडं विकणारा म्हातारा. तोंडात दात एकच, तोही मिरवण्यापुरता. खांद्यावरची पिशवी त्यानं बाकावर आपटली. आतून डोक्याएवढी गाठ निघाली, मातीनं माखलेली, वाकडीतिकडी.

"मुळाची गाठ आहे. बंगल्याच्या मागच्या भिंतीखाली निघाली. कुजता कुजता राहिली बघ."

"कशाची, बाबा?"

"पिवळीची," बोळक्या म्हणाला.

मुठवालीनं ऐकलं 'पिवळ्याची'. या घरात पिवळं म्हणजे तुती. तुतीचा गाभा पिवळाजर्द निघतो म्हणून सासऱ्यानं पाडलेलं नाव. झाडाला तुती म्हणायचं, लाकडाला पिवळं. बोळक्याच्या तोंडातून शब्द निम्मा बाहेर यायचा, निम्मा हिरड्यांत राहायचा. तिनं राहिलेला निम्मा आपल्या पदरचा घातला.

गाठ चिरली आणि ती बघतच राहिली. फिकट लाकडात केसासारख्या बारीक काळ्या रेघा. जमिनीखाली बुरशीनं ओढलेल्या. वळणं घेत, तुटत, पुन्हा जुळत गेलेल्या. नकाशावरच्या नद्या जशा. पिवळ्याला हा रंग कमीच होता. पण इतकी वर्षं मातीत राहून उतरला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. गरजवंताला अक्कल नसते.

तेल लावल्यावर रंग कसा येईल ते बघायला तिनं लाकूड चाटलं. सगळे मुठवाले चाटतात. ओल्या जागेवर खरा रंग दिसतो. लाकूड कडू लागलं. थोड्या वेळानं जिभेचं टोक बधिर झालं.

"ऊन लागलंय," लोहार म्हणाला.

"असेल."

त्या रात्री ती ओकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा. छातीत मध्येच एक ठोका चुकायचा, मग दोन घाईघाईनं पडायचे. तरी तिनं काम सोडलं नाही. पटाशीनं उतरवलं, कानशीनं गोलाई आणली, मुटका समोर ठेवून करंगळीसाठी वरच्या अंगाला खोलगट जागा केली. नणंदेची ती वाकडी करंगळी जन्मभर प्रत्येक दांड्यावर, प्रत्येक झाऱ्यावर अडत आली होती. पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी जागा करत होतं. मग काचकागद, मग जवसाचं तेल, तीन पितळी खिळे. बाकाखाली भुशाचा ढीग साचला. वारा सुटला की तो उडून शेजारी ठेवलेल्या, बकरीच्या कोंड्याच्या टोपल्यात पडत होता. तिकडे कोण बघतो.

आठव्या दिवशी सकाळी ड्रायव्हर सुरी घेऊन गेला. त्यानं मूठ उन्हात धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

मुठवालीला इतकं हलकं वाटलं की ती मटकन बाकावर बसली.

दुपारी बकरी पडली.

आधी तोंडाला फेस आला. मग पुढचे पाय दुमडले आणि ती बाजूला कलंडली, जणू कुणी खालची जमीन ओढली. पोट धाप धाप करत होतं. मुठवालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बकरी एकाच डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिली, दुसरा जन्मापासूनच नव्हता. लोहार पाणी घेऊन आला तेव्हा पाणी पाजायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बोळक्या उरलेल्या गाठीचं विचारायला आला. बकरी बघून थांबला.

"काय खाल्लं हिनं?"

"कोंडा. नेहमीचाच."

म्हाताऱ्यानं टोपल्यात हात घातला, चिमूट वर काढली, उन्हात धरली. कोंड्यात बारीक फिकट भुसा होता. त्याचा हात थांबला.

"पोरी, तू हे बकरीला घातलंस? पिवळी कण्हेर आहे ही. भिंतीला लावतात, पिवळ्या फुलांची. शेळ्यामेंढ्या तोंड लावत नाहीत म्हणूनच तर लावतात. मी तुला सांगितलं होतं, पिवळीची आहे म्हणून."

"तुम्ही पिवळ्याची म्हणालात."

"पिवळीची म्हणालो."

"पिवळ्याची."

भांडून काय होणार होतं. जीभ कशानं बधिर झाली होती ते मुठवालीला आता कळलं. आणि कळल्याबरोबर डोळ्यांसमोर आली ती एक वाकडी करंगळी, ओली, मांसाच्या रक्तानं माखलेली, तिनं स्वतः कोरलेल्या जागेत नेमकी बसलेली.

"विळ्याकोयत्याची मूठ असती तर गोष्ट वेगळी होती," ती पुटपुटली. "ही तर खायचं कापायला गेली."

"मालकाला सांगितलंस तर," लोहार म्हणाला. दोघांनीही शेजारच्या सपाट जमिनीकडे बघितलं.

"दोष पात्यावर घालते," मुठवाली म्हणाली. "पाणी नीट बसलं नाही, मोडेल, म्हणून परत मागते."

लोहाराचं तोंड उतरलं. आयुष्यात इतकं चांगलं पातं त्यानं घडवलं नव्हतं. "घाल," तो म्हणाला.

बंगला वरच्या अंगाला होता. चढ चढताना तिच्या छातीतला ठोका पुन्हा चुकायला लागला. भीतीनं की विषानं, ते कळायला मार्ग नव्हता. मागच्या दारानं ती आत गेली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. चुलीवर मोठं पातेलं, ओट्यावर सालींचा ढीग. नणंद बाहेर व्हरांड्यात लांब टेबलाशी उभी होती, अंगावर स्वच्छ धुतलेली साडी. समोर सहा पाहुणे, मध्ये मालक. सुरी तिच्या हातात होती. निम्मं मांस कापून झालं होतं, वाढायचं बाकी होतं.

"वन्सं," मुठवाली दारातून दबक्या आवाजात म्हणाली. नणंदेनं ऐकलं नाही. मालकानं ऐकलं.

"ये, ये. हीच ती मुठवाली. काय गं, काय पाहिजे?"

"मालक, पात्याचं पाणी बिघडलंय. मोडेल. दुसरं करून देते. परत न्यायला आले."

पाहुण्यांपैकी एक जण हसला. मालकाच्या कपाळावर आठी उमटली. पाहुण्यांसमोर त्याची वस्तू खोटी ठरत होती.

"मोडेल? मोडून दाखव."

नणंदेनं सुरी तिच्या हातात दिली. मुठवालीनं पात्याचं टोक दाराच्या उंबऱ्याच्या फटीत घातलं आणि सगळं अंग टाकलं. मोड, मोड, असं ती मनात म्हणत होती. पातं धनुष्यासारखं वाकलं. तिनं आणखी जोर लावला. मग हात सुटला, पातं झणकन सरळ झालं आणि बराच वेळ गात राहिलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"लोहार आमचा आहे," मालक त्यांना म्हणाला. "बायकोला अक्कल कमी आहे."

सुरी पुन्हा नणंदेच्या हातात गेली. तिनं एक तुकडा कापला आणि मीठ बघायला, सवयीनं, बोट तोंडाकडे नेलं.

"वन्सं, बोट तोंडात घालू नका. मुठीत विष आहे."

एका पाहुण्यानं हातातली ताटली हळूच खाली ठेवली. नणंदेचं बोट ओठांजवळच थांबलं. मग तिनं ते पदराला पुसलं, एकदा, दोनदा, साल निघेपर्यंत.

मुठवालीनं सगळं सांगितलं. गाठ, पिवळी, चाटलेलं लाकूड, बधिर जीभ, बकरी. सांगताना तिला मशीनचा आवाज ऐकू येत होता. खाणीत रोजच चालायचं ते. आज मात्र आपल्याच दिशेनं येतंय असं वाटत होतं.

मालक चिडला नाही.

"बकरी किती वेळात मेली?" त्यानं विचारलं.

"घटकाभरात."

"आणि तू चाटलंस तेव्हा?"

"ओकले. दोन दिवस."

मालक पाहुण्यांकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "आता विचारा मला, हे काय आहे."

सगळे हसले. ज्यानं ताटली खाली ठेवली होती, तोही हसला.

"आणि हे कापलेलं, मालक?" नणंदेनं विचारलं.

"खाणीवर पाठव. मजुरांना." खिडकी लाव म्हणावं तसं तो म्हणाला.

नणंदेनं कापलेल्या मांसाचं पातेलं उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं मांस चुलीच्या विस्तवात ओतलं. धूर डोळ्यांत गेला. थोड्या वेळानं ती बाहेर येऊन म्हणाली, "पाठवलं." दहा वर्षांत तिनं त्या घरात सांगितलेलं ते पहिलं खोटं होतं. मुठवालीला तिनं डोळ्यांनी खुणावलं: जा.

दुसऱ्या दिवशी जीप आली. ड्रायव्हरच्या हातात मोजे होते. त्यानं कागदात गुंडाळलेली सुरी बाकावर ठेवली आणि म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, अशाच आणखी पाच. सहांचा संच करून पेटीत घालायचा. पाहुण्यांना आवडली. उरलेली गाठ तुमच्याकडेच आहे ना? आठ दिवस."

"पेटीत कशाला?"

"दाखवायला. आणि मालक म्हणाले, बाई रोज एकीनं कापत जाईल. बघू काय होतं."

"कोण बाई?"

ड्रायव्हरनं मोजे काढले. "स्वयंपाकाला अजून कोण आहे?"

जीप गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लोहार भट्टीसमोर बसून राहिला. भात्याची दोरी त्याच्या हातात होती, पण तो ओढत नव्हता.

"नाही म्हणू," तो म्हणाला.

"सुतारासारखं?"

त्यानं भात्याची दोरी सोडून दिली.

मुठवाली उठली. शेडच्या आढ्याला सासऱ्याच्या वेळचा एक ओंडका बांधलेला होता. तुतीचा, वीस वर्षं धुरात वाळलेला. कधीतरी चांगल्या कामाला लागेल म्हणून ठेवलेला. तिनं तो खाली उतरवला. बाकावर ठेवून हात फिरवला.

"हे पिवळं," ती म्हणाली. "खरं पिवळं."

बोळक्याची गाठ, पहिल्या सुरीची मूठ, टोपल्यातला कोंडा, बाकाखालचा सगळा भुसा, हे सगळं बकरीच्या खड्ड्यात गेलं. जाळायची हिंमत झाली नाही. धुरात काय असेल कुणाला माहीत. मग सहा तुकडे चिरले. धुण्याच्या सोड्यात उकळून पिवळेपणा उतरवला. तीनदा पाणी बदललं तेव्हा कुठं रंग हवा तसा फिकट झाला. राहिल्या काळ्या रेघा.

तापलेल्या तारेनं रेघा ओढायच्या होत्या, आणि ते काम लोहाराचं. घण मारणारे हात. त्यात बारीक तार सुईसारखी धरून तो ओणवा बसला. हात थरथरत होते. थांबवायचा प्रयत्न केला तर जास्तच थरथरत.

"राहू दे थरथर," मुठवाली म्हणाली. "बुरशी काय पट्टी लावून ओढते?"

थरथरीमुळेच रेघा खऱ्या वाटल्या. आयुष्यात पहिल्यांदाच भीती कामाला आली.

आठव्या दिवशी ड्रायव्हरसोबत मालक स्वतः आला. सहा सुऱ्या फडक्यावर मांडलेल्या होत्या. तो वाकून बघत राहिला. हात लावला नाही.

"सगळ्या त्याच गाठीच्या?"

"हो."

"मला कसं कळणार?"

लोहारानं सांडशी उचलली.

"चाट," मालक म्हणाला. "तूच सांगितलंस ना, चाटल्यावर काय होतं ते."

मुठवालीनं जवळची सुरी उचलली. मूठ चाटली. तेल लागलं, सोडा लागला, खाली कुठंतरी धुराची चव. बाकी काही नाही. जिभेचं टोक जिवंत होतं, नको तितकं जिवंत. मालक तोंडाकडे बघत उभा होता. घड्याळाकडे बघून पुन्हा तोंडाकडे. ओकायला पाहिजे, आत्ता. पण पोट शांत होतं, दगडासारखं. बोट घशात घालावं तर तो बघतोय. तिनं मान वळवली. समोर सुताराची सपाट जमीन होती. तिथं कोपऱ्यात कुणाचा तरी रंधा पडला होता, गंजलेला, अर्धा मातीत. इतके दिवस तिला तो दिसला नव्हता.

पोटातून काहीतरी उसळलं. ती जीपच्या चाकावरच ओकली. एकदा, मग पुन्हा, मग नुसतं पाणी, मग नुसता आवाज. गुडघ्यांवर बसून ती धापत राहिली. ती ओकारी खोटी नव्हती. तिच्या अख्ख्या आयुष्यात त्याच्याइतकं खरं काही नव्हतं.

मालक दोन पावलं मागं सरकला. "भरा पेटी," तो ड्रायव्हरला म्हणाला. "हात जपून. बघायचं ते बघितलं. सांग घरी, कापायला जुनीच सुरी. यांना कुणी हात लावायचा नाही. महाग आहेत."

जीप गेली. लोहारानं भट्टीतली राख आणून ओकारीवर टाकली. मग तिच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला.

"ताईचं टळलं," तो म्हणाला.

ती चूळ भरत राहिली.

"पण उद्या त्यानं बकरी आणली तर?" लोहार म्हणाला. "बघू म्हणाला तर?"

मुठवालीनं पदरानं तोंड पुसलं.

"तर बकरीला ओकायला शिकवू," ती म्हणाली.

दोघंही हसले नाहीत. खालच्या रस्त्यावर कुठलीशी गाडी वळली. लोहारानं तांब्या खाली ठेवला, रिकामी सांडशी उचलली आणि ऐरणीमागे जाऊन उभा राहिला.